सीटखालची किल्ली

भांडण एका केकवरून सुरू झालं. कुठल्याशा कारखान्यातल्या मोठ्या साहेबांच्या निवृत्तीचा केक होता तो. माझ्या बायकोने त्यावर साहेबांचं पूर्ण नाव क्रीमने लिहिलं होतं, अगदी आडनावासकट. आम्ही पोचलो तेव्हा नाव होतं, पण ते केकवरून उतरून खालच्या पुठ्ठ्यावर येऊन बसलं होतं. साहेब सभ्य निघाले. म्हणाले, "मीही खालीच उतरतोय आता." सगळे हसले. बायको हसली नाही. गाडीत बसल्यावर तिने दार असं आपटलं की आरसा वाकडा झाला.

"तुमच्या गाडीने माझं नाक कापलं," ती म्हणाली.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आमची पिकअप सव्वीस वर्षांची आहे. रंग निळा. म्हणजे कागदपत्रांत निळा, बाकी प्रत्यक्षात कोणता यावर दुमत आहे. मी सुतार. अर्ध्या गावाची कपाटं, पलंग आणि दारं मी ह्याच गाडीतून पोचवली. पुढे माझे गुडघे कुरकुरायला लागले, कपाटं कमी झाली, आणि शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या बायकोचे केक वाढले. केकसाठी मी गाडीच्या मागे एक थंड पेटी बनवली. बाहेरून प्लायवूड, मध्ये थर्मोकोल, आतून पत्रा, आणि बॅटरीवर चालणारं थंड करायचं यंत्र. पेटी इतकी देखणी झाली की लोक केकआधी पेटीची चौकशी करायचे. पण तिला वीज लागायची खंडीभर, आणि आमचा डायनामो होता पस्तीस अँपियरचा. नव्या लोकांनी त्याला अल्टरनेटर म्हणावं. आम्ही सव्वीस वर्षं डायनामोच म्हणत आलो.

पस्तीस अँपियरमध्ये संसार करायचा तर शिस्त लागते. पेटी चालू असेल तर पंखा बंद. दिवे लावले तर पेटी बंद. हॉर्न अगदी जीवावर बेतलं तरच, आणि तोही वायपर थांबवून. डॅशबोर्डवर एक काटा आहे, वीज येतेय की जातेय ते दाखवणारा. तो कायम वजाकडे कललेला असायचा, काहीही केलं तरी नाराज. बायकोने त्याचं नाव 'सासूबाई' ठेवलं होतं. माझ्या आईला हे शेवटपर्यंत कळलं नाही. मी गाडी चालवायचो आणि बायको काट्यावर नजर ठेवून बटणं सांभाळायची. "चढ आला, पंखा बंद." "सासूबाई खूश आहेत, लावून घ्या दिवे." असं आमचं बोलणं. बाहेरच्या माणसाला वेड्यांच्या इस्पितळातून सुटलेली जोडी वाटली असती.

आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम सीटखालच्या किल्लीचा. गाडी उभी असताना बॅटरी उतरू नये म्हणून मी बॅटरीची तार एका किल्लीच्या स्विचमधून नेली होती. किल्ली फिरवली की बॅटरी तुटली, गाडीत वीज उरली नाही. गाडीतून जो शेवटी उतरेल त्याने वाकून किल्ली फिरवायची. दुकानातली प्लास्टिकची मूठ मला आवडली नाही, म्हणून मी तिला सागवानाची मूठ घडवली. बोटांना बरोबर बसेल अशी, तीन वेळा पॉलिश केलेली. बारा वर्षं आम्ही दोघं तो नियम पाळत आलो. गॅस बंद करताना हाताला विचारावं लागत नाही, तसंच ते झालं होतं.

तर निवृत्तीच्या केकनंतर बायकोने निकाल दिला. पुढच्या शनिवारी वाचनालयाच्या पंचाहत्तराव्या वर्षाचा कार्यक्रम होता. तीन मजली केक, वर साखरेचं उघडं पुस्तक. तिच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम. ती थंड गाडी भाड्याने घेणार होती. मी म्हटलं, आपल्या गाडीतूनच नेऊ, शब्द देतो. तिने अट घातली.

"ठीक आहे. केक नीट पोचला तर गाडी राहील. नाही पोचला तर रविवारी भंगारवाला येईल."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलतेय. दुसऱ्याच दिवशी भंगारवाला खरोखर आला. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, दार बोटाने वाजवून पाहिलं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जसे डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात. माणसं म्हणतात, लोखंडावर काय जीव लावायचा. त्यांनी खुशाल म्हणावं. माझा होता.

मी तडक वायरमनकडे गेलो. भाजीबाजाराच्या तोंडाशी त्याचं दुकान आहे, गाड्यांच्या विजेचं सगळं काम करतो. त्याच्या दातांत कायम काळ्या टेपचं वेटोळं धरलेलं असतं. टेप दातांत ठेवून तो जे बोलेल ते इकडचं तिकडचं. टेप काढून हातात घेतला की समजायचं, आता कामाचं बोलणार.

त्याने टेप काढला. "मोठा डायनामो बसवू. नव्वद अँपियरचा. पेटी, दिवे, पंखा, हॉर्न, सगळं एकदम लावा आणि वर मोबाइल चार्ज करा."

काम दोन दिवस चाललं. नवा डायनामो जुन्यापेक्षा जाड. जुन्या पकडीत बसेना. नवी पकड लावली, तर मध्ये बोटभर फट राहत होती. मी म्हटलं, थांब, सागवानाचा तुकडा अचूक तासून देतो.

"लाकूड?" वायरमन म्हणाला. "इंजिनात?"

"जुनं, मुरलेलं सागवान आहे."

"काका, सागवान असो की चंदन, तासाभरात त्याची धुरी होईल."

शेवटी मी लाकडाचा नमुना करून दिला आणि त्यावरून त्याने लोखंडाचा तुकडा कापून आणला. तो पहिल्या फटक्यात बसला. माप कोणाचं होतं हे मी त्याला चार वेळा सांगितलं. मग लांब पट्टा आला, अंगठ्याएवढी जाड तार डायनामोपासून बॅटरीपर्यंत गेली, आणि पिकअप सुरू केल्यावर काटा जो अधिककडे गेला तो तिथेच राहिला. पेटी लावली, दिवे लावले, पंखा लावला. काटा हलेना. मी हॉर्न वाजवला, नुसती हौस म्हणून. बाजारातली भाजीवाली दचकली आणि तिने मला दोन शब्द सुनावले. मला तेही गोड लागले.

मी निघणार, तेवढ्यात वायरमनने पुन्हा टेप काढला.

"सीटखालची ती किल्ली काढून टाका. चालू गाडीत चुकून बॅटरी तुटली तर हा नवा डायनामो क्षणात जळेल. जुना दणकट होता, ह्याच्या पोटात नाजूक सामान आहे. आत्ताच काढू का?"

मी सागवानी मुठीकडे पाहिलं. "नको. मी काढतो घरी."

घरी गेल्यावर मी जुना डायनामो, जुनी पकड आणि जुना पट्टा जुन्या टॉवेलात बांधून सीटमागे ठेवला. बायको म्हणाली, "हे टाकून द्या." मी म्हटलं, "टाकतो." किल्लीबद्दलही मी स्वतःला हेच सांगितलं होतं. मी काहीच टाकत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, मलाही.

त्या आठवड्यात आम्ही दोन छोटे केक पोचवले. गाडी राजासारखी चालली. आणि मला एक विचित्र गोष्ट जाणवली. बायकोला गाडीत काही कामच उरलं नव्हतं. ती काट्याकडे बघायची, काटा जागेवर. बटणाकडे हात न्यायची, गरज नाही. मग ती खिडकीतून बाहेर बघायची. दुसऱ्या फेरीत तर तोंड उघडं टाकून झोपली. सव्वीस वर्षांत ती कधी ह्या गाडीत झोपली नव्हती. मला फार एकटं वाटलं. पण नव्वद अँपियर मिळाल्यावर अशी तक्रार कोणाकडे करायची?

शनिवार उजाडला. केक पेटीत चढवायला आम्हाला अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात बायकोने माझ्या हातांना, पायांना, श्वासालाही नावं ठेवली. सहाला कार्यक्रम. साडेतीनला निघालो. वाटेत मेव्हणीच्या घरी थांबायचं होतं. साखरेचं पुस्तक तिने बनवलं होतं, तेवढं घ्यायचं आणि पुढे जायचं. पेटी थंड राहावी म्हणून इंजिन चालूच ठेवायचं ठरलं.

मेव्हणीच्या दारात मी गाडी उभी केली, आधी उतरलो आणि मागे जाऊन पेटीची कडी तपासायला लागलो. बायको नंतर उतरली. म्हणजे शेवटी उतरली. मागच्या काचेतून मला तिची वाकलेली पाठ दिसली, तिचा हात सीटखाली जाताना दिसला. माझ्या तोंडून "अगं" एवढंच निघालं. मागचे दिवे एकदम भगभगले आणि विझले. पेटीचा पंखा घरघरत थांबला. इंजिन मात्र चालूच होतं. डिझेलचं इंजिन, त्याला विजेशी देणंघेणं नाही. बायको तरातरा जिना चढूनही गेली होती. आपण काय केलं हे तिच्या गावीही नव्हतं.

मी धावत जाऊन किल्ली पुन्हा लावली. पेटी सुरू झाली. पण डॅशबोर्डवर एक लाल दिवा लागला, आणि काटा वजाकडे झुकला तो झुकलाच. जळका, कडवट वास आला. मी सीटवर बसून राहिलो. पहिला विचार आला, 'आता ही सापडली!' लाज वाटते, पण खरं तेच सांगतो. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात प्रत्येक चुकीचा माग काढत ती शेवटी माझ्यापाशीच येऊन थांबायची. आज पहिल्यांदा माझ्याकडे डोळ्यांनी पाहिलेला पुरावा होता.

ती साखरेचं पुस्तक तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून आली. दोन दिवस ती धड जेवली नव्हती. कपाळावर पिठाचा पट्टा तसाच होता. मी आतून तिचं दार उघडलं आणि गाडी काढली.

पाच मिनिटांनी तीच ओरडली, "अहो! सासूबाई वजात गेल्यात!"

"बघितलं."

"लाल दिवा कसला? अहो, केक!"

"वायरमनकडे वळतोय."

पंखा, दिवे, रेडिओ सगळं बंद करून आम्ही बाजाराच्या तोंडाशी पोचलो तेव्हा पेटी दमेकऱ्यासारखी धापा टाकत होती. वायरमनने आधी पेटीची तार दुकानातल्या चार्जरला जोडली, मग बॉनेट उघडलं. नाक खाली नेऊन वास घेतला. दोन तारा तपासल्या. आणि टेप दातांतून काढला.

"गेला. आतलं सगळं उडालंय. चालू गाडीत किल्ली कोणी फिरवली?"

बायको पुस्तक धरून उभी होती. तिची नजर हळूच सीटकडे गेली, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. तिला आठवत होतं. चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला दिसला. अठ्ठावीस वर्षं मी ह्या क्षणाची वाट बघत होतो आणि तो आल्यावर मला अजिबात बघवेना.

"मी," मी म्हणालो.

"तुम्ही?" वायरमन म्हणाला.

"तुम्ही?" बायको म्हणाली.

"हो, मीच. सवयीने फिरवली."

मला वाटलं होतं, एवढ्यावर भागेल. कुठलं काय! वायरमनने हातातला टेप चक्क खिशात टाकला. हे मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. "काका, मी तुम्हाला सांगितलं होतं की नाही? टेप काढून सांगितलं होतं! एवढे अनुभवी माणूस तुम्ही!" मग त्याने शेजारच्या टायरवाल्याला हाक मारली. "ऐकलंस का? काकांनी चालू गाडीत बॅटरी तोडली." टायरवाला हात पुसत आला, डायनामोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "वय झालं की होतं असं," तो म्हणाला. त्याच्यामागून भाजीवालीही आली. तिला डायनामो कशाशी खातात हे माहीत नव्हतं, पण माझा हॉर्न तिच्या लक्षात होता. मी ब्र काढला नाही. बायकोही काढत नव्हती, आणि मला वाटलं, निदान मध्ये पडून एक शब्द बोलायला हरकत नव्हती.

"दुसरा मोठा डायनामो सोमवारशिवाय मिळायचा नाही," वायरमन शेवटी म्हणाला. "दुकानात ट्रकची एक बॅटरी आहे, पण मालक तासाभरात न्यायला येईल. तुमचा जुना कुठाय?"

"सीटमागे. पकड आणि पट्ट्यासकट."

बायको वळली. "टाकून द्या म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"टाकणारच होतो."

पाऊण तासात जुना डायनामो आपल्या जुन्या जागी बसला. सव्वापाच वाजले होते. पुढचा रस्ता आधी चढाचा, मग रेल्वेखालच्या लांब बोगद्यातून. बोगद्यात दिवे लावणं भाग, आणि बॅटरी निम्मी उतरलेली. बायको तिच्या जागेवर बसली, पुस्तक मांडीवर घेतलं, पुढे झुकली आणि काट्यावर डोळे लावले.

"चढ येतोय. पेटी बंद," ती म्हणाली आणि बटण दाबलं. "गियर खालचा घ्या, इंजिन जोरात फिरू दे. हां. माथ्यावर आलो, पेटी चालू."

"समोर म्हैस आहे, हॉर्न देऊ?"

"नको. हात बाहेर काढून दार वाजवा."

मी दार वाजवलं. म्हैस सावकाश बाजूला झाली. बोगद्यात शिरताना तिने पेटी बंद केली, मी दिवे लावले, आणि ती मोठ्याने आकडे मोजायला लागली. साठाच्या वर पेटी बंद ठेवायची नाही असा तिचा हिशेब. चोपन्नला उजेड दिसला. "दिवे बंद! पेटी चालू!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. काटा थरथरला आणि शून्यावर येऊन उभा राहिला. सासूबाईंकडून एवढंच कौतुक पुरे होतं. मी बाजूला पाहिलं तर बायकोचे डोळे चमकत होते, कपाळावर पिठाचा पट्टा तसाच. ती झोपेच्या आसपासही नव्हती. मला इतका आनंद झाला की मी एक खड्डा चुकवायला विसरलो आणि त्याबद्दल लगेच बोलणी खाल्ली.

सहाला दहा कमी असताना तीन मजली केक सभागृहातल्या टेबलावर ताठ उभा होता. बायकोने वर पुस्तक ठेवलं. एक पानही हललं नव्हतं. ग्रंथपाल बाई दोन वेळा चष्मा पुसून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा कापायचा कसा?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दाराशी उभा राहून त्यातल्या थोड्या पिकअपच्या नावावर घेतल्या.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही गाडीच्या मागच्या फळीवर बसलो. तिने कागदी बशीत तळमजल्याचा एक तुकडा आणला होता. एकच चमचा.

"भंगारवाल्याला उद्या येऊ नका म्हणून सांगते," ती म्हणाली.

मी मान हलवली.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "किल्ली मी फिरवली होती."

"माहीत आहे. काचेतून पाहिलं मी."

"मग खोटं का बोललात?"

"तुझा चेहरा बघवेना."

तिने चमचा माझ्या हातात दिला. मी एक घास खाल्ला. मग मला राहवेना. "पण तुला आठवलं होतं ना तिथेच? तो वायरमन, तो टायरवाला मला सोलून काढत होते, तेव्हा गप्प का बसलीस?"

"अहो, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही चूक कबूल करत होतात," ती म्हणाली. "मध्येच कशी थांबवू?"

"आणि तीही माझी नव्हती!"

"नव्हती?" तिने चमचा परत घेतला. "किल्ली काढून टाका म्हणून वायरमनने कोणाला सांगितलं होतं?"

"मला."

"काढली?"

मी केक खायला लागलो, हातानेच.

दुसऱ्या दिवशी मी किल्ली काढली. सागवानी मूठ आता स्वयंपाकघरात, तिच्या क्रीमच्या नळ्या असतात त्या खणाला आहे. वायरमनने मोठा डायनामो दुरुस्त करून दुकानात टॉवेलात गुंडाळून ठेवलाय. टेप काढून दोनदा निरोप दिला, कधीही या, तासाभरात बसवून देतो. मी बायकोला विचारतो, ह्या शनिवारी जाऊ या का? ती म्हणते, ह्या शनिवारी केक आहे, पुढच्या बघू. महिना झाला. पुढच्या शनिवारी मी विचारायला विसरतो, आणि आठवण करून द्यायला तीही विसरते.